हायब्रिड आत्ता घ्यावी की हायड्रोजनच्या गाडीसाठी थांबावं? (रोजचा फैजपूर–जळगाव प्रवास)

केळीबाग_फैजपूर

राम राम मंडळी. गाडी बदलायची आहे आणि दोन महिन्यांपासून निर्णय होत नाहीये. धुळे-जळगाव-नंदुरबारकडची बरीच जाणकार मंडळी इथे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फैजपूरला माझं कृषी सेवा केंद्र आहे आणि घरची सहा एकर केळी. आठवड्यातले पाच दिवस भुसावळमार्गे जळगावला जाणं होतं, जाऊन-येऊन ९० किलोमीटर. वर्षाचं रनिंग २१ हजारांच्या आसपास. आत्ताची गाडी डिझेलची, २०१३ ची, अडीच लाख किलोमीटर झालेली. तिनं मला वाटेत कधी दगा दिला नाही. पण थंडीत सकाळी दारात आणली की गल्लीत धूर साचतो. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दमा आहे. ते उपरणं तोंडाला लावतात आणि ओट्यावरून उठून आत जातात. बोलत काहीच नाहीत. रोज ते बघून मी निघतो.

दुसरं कारण केळीचं. निसवलेली बाग मे महिन्यातल्या एका संध्याकाळच्या वादळात आडवी झालेली मी पाहिली आहे. बांधावर उभं राहिलं तर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक खोड उभं नव्हतं. ज्याचं घर हवामानावर चालतं त्यानं स्वतःच्या धुराचा हिशेब ठेवलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

ईव्ही का नाही, हे आधीच सांगतो. घर जुन्या गावठाणात आहे, गल्लीत गाडी फक्त उभी करून माणसं उतरवता येतात. मुक्कामाला ती दीडशे पावलांवर निंबाखाली असते. तिथं मीटर नाही. शिवाय हंगामात अचानक नागपूर, वाशी करावं लागतं.

म्हणून स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीची मोटर या दोन्हींवर चालणारी गाडी, बघायला लागलो. ग्रँड विटारा आणि हायरायडर या जुळ्या गाड्या, कागदावर लिटरला २७.९७ किलोमीटर. कोटेशनप्रमाणे त्याच गाडीच्या साध्या पेट्रोल ऑटोमॅटिकपेक्षा अडीच लाखांनी महाग. मी प्रत्यक्षात साधीचं १४ आणि हायब्रिडचं २१ धरलं. वर्षाला १,५०० लिटरच्या जागी १,००० लिटर. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर ५२ हजार वाचतात, म्हणजे पाचेक वर्षांत फरक निघतो. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ५०० लिटर वाचले तर वर्षाला टनाहून जास्त.

आता गोंधळ कुठे आहे? मुलगी आठवीत आहे. शाळेच्या प्रदर्शनात तिच्या गटानं हायड्रोजन गाडीचं मॉडेल केलं. गडकरी साहेब मार्च २०२२ मध्ये टोयोटा मिराई या हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेले होते, तो व्हिडिओ तिनं मला चार वेळा दाखवला. "बाबा, नळीतून फक्त पाणी येतं. आजोबांना त्रासच नाही होणार. दोन वर्षं थांबू ना." तिला काय उत्तर द्यावं ते मला खरंच कळत नाही.

एक सावधगिरीची गोष्ट. एका शोरूममध्ये मला "हायब्रिडच आहे साहेब" म्हणून जी गाडी दाखवली ती माइल्ड हायब्रिड निघाली. बुकिंगचे २१ हजार खिशात होते. नशिबानं मी म्हटलं, इंजिन बंद ठेवून आवाराला एक चक्कर मारून दाखवा. तेव्हा समजलं की ती बॅटरीवर एक फूटही चालत नाही. छोटी मोटर इंजिनला नुसता हातभार लावते. नाव लिहीत नाही, पण कुणी बघायला जाणार असाल तर हीच परीक्षा घ्या.

तर थांबावं का? आणि आपल्या उन्हात हायब्रिडची बॅटरी टिकते का?

तापीकाठ_चोपडा

थांबू नका भाऊ. हायड्रोजनची कार आपल्याकडे विकतच मिळत नाही. भरायची सोय म्हणाल तर फरीदाबादला इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्रात, लेहला एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीकडे, अशी प्रयोगापुरती. पंप जळगावात येईपर्यंत तुमची मुलगी गाडी चालवायला लागेल.

टर्बाइनहॉल_भुसावळ

फैजपूरकर भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर द्यावंसं वाटलं, कारण मी उभी नोकरी हायड्रोजनशेजारी काढली आहे.

औष्णिक केंद्रातला २१० किंवा ५०० मेगावॉटचा जनरेटर आतून हायड्रोजननं थंड करतात. हा वायू हवेपेक्षा चौदा पट हलका, त्यामुळे रोटरला घर्षण कमी. आणि उष्णता हवेच्या सातपट वाहून नेतो. आम्ही त्याला फार जपायचो. जनरेटर उघडायचा असला तर आधी हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडनं बाहेर ढकलायचा, मगच हवा आत सोडायची. भरताना तोच क्रम उलटा. हवा आणि हायड्रोजन कधी एकमेकांना भेटू द्यायचे नाहीत, कारण हवेत ४ ते ७५ टक्के कितीही मिसळला तरी तो पेट घेतो. आणि त्याची ज्योत दिवसा दिसत नाही. पान्हे ठिणगी न पडणारे, पितळी. प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडा बघायचा. हे सगळं तीन-साडेतीन किलोच्या, म्हणजे साधारण तेवढ्याच बारच्या दाबाला. मिराईच्या टाक्यांत तो ७०० बारला भरतात.

घाबरवत नाही. टाक्या कार्बन फायबरच्या असतात, वायू हलका असल्यानं उघड्यावर झटकन वर निघून जातो, जपानमध्ये लोक २०१४ पासून ही गाडी वापरताहेत. शिस्त पाळली तर हायड्रोजन शहाणा आहे. सांगायचं वेगळंच आहे.

तुमच्या मुलीनं नळीतून येणारं पाणी पाहिलं ते बरोबरच. फ्युएल सेलमध्ये एका बाजूनं हायड्रोजन येतो, प्लॅटिनमच्या थरावर त्याचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातात. इलेक्ट्रॉनला तिथून वाट नाही, ते तारेतून फिरून जातात आणि तीच वीज मोटर चालवते. पलीकडे हवेतला ऑक्सिजन भेटला की पाणी. गाडीपुरतं इतकं स्वच्छ दुसरं काही नाही. पण तिला एक प्रश्न विचारा: टाकीत तो आला कुठून?

जगात आज जो हायड्रोजन बनतो तो बहुतेक नैसर्गिक वायू आणि कोळशापासून. वायूपासून एक किलो बनवला तर ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड तिथंच हवेत जातो. मिराई एका किलोत धरा १०० किलोमीटर. तुमची हायब्रिड २१ च्या हिशेबानं १०० किलोमीटरला पावणेपाच लिटर पेट्रोल पिते, म्हणजे ११ किलो. जवळपास बरोबरी झाली, आणि हायड्रोजन दाबण्याचा-वाहण्याचा खर्च तर अजून धरलेलाच नाही.

पाण्यातून विजेनं काढायचा म्हटलं तर एका किलोला ५० ते ५५ युनिट वीज लागते. आपल्या देशाच्या ग्रिडमध्ये, म्हणजे वीजजाळ्यात, अजून कोळसा जास्त, एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. ५५ गुणिले ०.७ करा. ३८ किलो! तेही त्याच १०० किलोमीटरला. भुसावळहून येताना दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या तुम्हाला रोज दिसतात. अशा विजेवर बनवलेला हायड्रोजन तुमच्या आण्णांच्या ओट्यावर धूर करणार नाही, पण तिप्पट धूर त्या चिमणीतून सोडेल. ओझरखेड्याच्या, वरणगावच्या ओट्यावरही कुणाचे आण्णा बसलेले असतातच.

सूर्याच्या विजेवर केला तर? तर खरंच हरित. पण तीच ५५ युनिटं सरळ ईव्हीच्या बॅटरीत घातली तर १०० च्या जागी साडेतीनशे किलोमीटर होतात. विजेचा हायड्रोजन, मग तो दाबा, पंपावर भरताना उणे ४० अंशांपर्यंत थंड करा, मग गाडीत पुन्हा त्याची वीज. प्रत्येक पायरीवर ऊर्जेची गळती. आणि उणे ४० हे आपल्या मे महिन्यात करायचं.

अजून एक. मिराईतसुद्धा एक छोटी बॅटरी असते, ब्रेक लावल्यावरची ऊर्जा साठवायला आणि एकदम वेग घेताना मदतीला. म्हणजे ती पण हायब्रिडच, फक्त इंजिनाच्या जागी फ्युएल सेल. त्यामुळे हायब्रिड घेतली म्हणजे मागं राहिलो असं मनात आणू नका. १९९७ साली जपानमध्ये पहिली प्रियस आली, तेव्हापासून मोटर, इन्व्हर्टर, ब्रेकमधून वीज परत घेणं, यावर जे काम झालं तेच पुढं सगळ्यांच्या उपयोगी पडलं.

सातपुडा_बाई_शहादा

मी शिक्षिका आहे, स्ट्राँग हायब्रिड अडीच वर्षं वापरतेय, ४६ हजार किलोमीटर झाले. दादा, उन्हाचं मी सांगते.

बॅटरी मागं असते आणि बऱ्याच गाड्यांत ती गाडीतल्याच थंड हवेनं गार होते. ती हवा आत ओढणारी जाळी मागच्या सीटजवळ असते, एवढीशी, पटकन लक्षातही येत नाही. पहिल्या उन्हाळ्यात माझ्या गाडीचा पंखा मागून सारखा घोंघावायचा आणि अ‍ॅव्हरेज १८ वर आलं. सर्व्हिसवाल्यांनी दोनदा "नॉर्मल आहे मॅडम" म्हणून परत पाठवलं. शेवटी माझ्या भावानं जाळी काढली. आत कापसाचं पिंजण आणि लाल धूळ यांचा बोटभर जाड नमदा झाला होता. आमचं घर जिनिंगच्या रस्त्यावर, त्यामुळे असणारच. तो काढला आणि पंखा गप्प. आता दर महिन्याला मी स्वतः ब्रश मारते. मागच्या सीटवर बसणाऱ्यांनी पिशवी, शाल त्या जाळीवर टाकायची नाही, हे घरात सगळ्यांना पाठ झालंय. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे का, ते कागदावर बघून घ्या.

अ‍ॅव्हरेज मला गावात २३-२४, हायवेला ऐंशीनं गेलं तर २२, शंभरच्या वर गेलं की १९. साध्या गाडीचं गावात पडतं आणि हायवेला चढतं, हिचं उलट आहे. मे महिन्यात एसीमुळे दोन-तीन कमी धरा. रेल्वे फाटकावर इंजिन बंद राहून एसी चालतो, पण बॅटरी पाऊण युनिटाची. चार-पाच मिनिटांनी इंजिन आपोआप चालू होतं. पहिल्यांदा मी दचकले होते.

धडगावचा घाट उतरताना गंमत बघण्यासारखी असते. ब्रेक न लावता नुसता पाय उचलला की गाडी वीज परत घेते, पडद्यावरचे हिरवे बाण चाकाकडून बॅटरीकडे वळतात. पण पाच-सहा वळणांत बॅटरी भरते. मग मोटरचा तो रोध कमी होतो आणि इंजिन गुरगुरायला लागतं. त्याला घाबरायचं नाही, तेच ब्रेकचं काम करतं. गिअर 'बी'वर, म्हणजे उतारासाठीच्या जागेवर, टाकायचा.

तुमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे डिकी. बॅटरीमुळे ती लहान झाली आहे. बियाण्याच्या पेट्या, औषधांचे खोके घेऊन फिरणार असाल तर बुकिंगआधी एक रिकामी पेटी घेऊन जा आणि आत घालून बघा.

लळिंगघाट_ट्रान्सपोर्ट

धुळ्याहून. आमच्या सात गाड्या आहेत, सरकीच्या आणि कापसाच्या गाठींच्या, सुरत-नागपूर लाइनला.

कारवाले हायड्रोजनसाठी थांबणार असतील तर नका थांबू, पण कृपा करून त्याला मोडीतही काढू नका. आम्हाला तो पाहिजे. २५-३० टन माल घेऊन दिवसाला चारशे-पाचशे किलोमीटर जाणाऱ्या गाडीला बॅटरी लावली तर काही टन वजन बॅटरीचंच होतं. ते भाड्यातून जातं. चार्जिंगला गाडी उभी राहिली तर तेही भाड्यातून जातं. मार्च २०२५ मध्ये टाटा मोटर्सनं १६ हायड्रोजन ट्रकांची चाचणी सुरू केली, त्यात सुरतही आहे. मी त्याच्यावर डोळा ठेवून आहे. ट्रकला ठरलेल्या मार्गावर दोन पंप मिळाले तरी पुरतात, कारला गावोगाव लागतात. माझ्या ड्रायव्हरांचं आयुष्य डिझेलच्या धुरात चाललंय, त्यातला एकजण चाळिशीतच खोकतोय. म्हणून सांगतो.

अमळनेर_ईव्ही

गोडाऊन आहे ना तुमचं? तिथं मीटर असेलच. गाडी दुपारी तिथं उभी राहत असेल तर छतावर सोलर टाका आणि ईव्ही घ्या. जीएसटी ईव्हीवर ५ टक्के आहे आणि तुम्ही बघताय त्या हायब्रिडवर ४०, त्याच गाडीच्या साध्या पेट्रोल मॉडेलइतकाच. पेट्रोल वाचवणाऱ्या माणसाला सरकारनं काही सूट द्यायला हवी होती असं माझंही मत आहे, पण आज परिस्थिती ही आहे. हायब्रिड शेवटी पेट्रोलवरच चालते.

केळीबाग_फैजपूर

सगळ्यांचे आभार, मनापासून.

अमळनेरकर दादा, तुमचं पटलं. पण दुपारी गाडी जळगावात असते, गोडाऊनला नसते. दुकानाची माल पोचवायची रिक्षा मात्र दिवसभर गोडाऊनवरच असते. ती इलेक्ट्रिक करायची आणि छतावर पॅनेल टाकायचं, हे आता नक्की केलंय.

रविवारी स्ट्राँग हायब्रिडची टेस्ट ड्राइव्ह घेतली. बाईंच्या सांगण्यावरून पेटी घेऊन गेलो होतो. दोन मावल्या, तिसरी मागच्या सीटवर ठेवावी लागेल. चालेल. गाडी घरापर्यंत आणायला मी शोरूमवाल्यांना विनंती केली. गल्लीतून मागं घेताना ती पूर्ण बॅटरीवर होती. आण्णा ओट्यावरच बसून राहिले. नंतर म्हणाले, "चालू झाली होती का?"

मुलीला टर्बाइनहॉल काकांचा हिशेब वाचून दाखवला. तिनं वहीत स्वतः मांडला, ३८.५ आला. थोडी हिरमुसली. मग रात्री जेवताना तिनं एक प्रश्न विचारला, तो जसाच्या तसा लिहितो: "साक्रीकडे पवनचक्क्या आहेत, सोलरही आहे. दुपारी वीज जास्त झाली आणि कुणाला नको असेल, तर तिचा हायड्रोजन केला तर वाया कुठं गेली?" काका, याचं उत्तर मला देता आलं नाही.

टर्बाइनहॉल_भुसावळ

बाळ, तुझा प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि हायड्रोजनची खरी जागा तिथंच आहे. ग्रिड चालवणाऱ्या माणसाला दुपारची जास्तीची वीज ही डोकेदुखी असते. तिचा हायड्रोजन करून ठेवणं शहाणपणाचं. फक्त तो आधी कुणाला द्यायचा एवढंच ठरवायचं.

बाबांच्या दुकानात युरियाची थप्पी आहे ना? युरिया अमोनियापासून होतो आणि अमोनिया हायड्रोजन व हवेतल्या नायट्रोजनपासून. ४५ किलोच्या एका गोणीला साडेपंचवीस किलो अमोनिया लागतो, म्हणजे साडेचार किलो हायड्रोजन. मिराईच्या तिन्ही टाक्या मिळून ५.६ किलो मावतो. एकेक गोणी म्हणजे जवळपास गाडीची एक टाकी! आणि हा हायड्रोजन आज मुख्यतः नैसर्गिक वायूपासून येतो, त्यातला बराचसा वायू आपण परदेशातून आणतो. गाडीला दुसरे मार्ग आहेत: बॅटरी आहे, हायब्रिड आहे. अमोनियाला हायड्रोजनशिवाय मार्गच नाही. म्हणून हरित हायड्रोजन आधी खताला, पोलादाला, मग धुळ्याच्या काकांच्या ट्रकला. जानेवारी २०२३ मध्ये सरकारनं १९,७४४ कोटींचं हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. २०२५ मध्ये खत कारखान्यांसाठी हरित अमोनियाचे लिलावही झाले.

युरियात एक मेख आहे, त्याला कार्बन डायऑक्साइडही लागतो, आज तो त्याच वायूतून मिळतो. डीएपी या दुसऱ्या खताला तसा लागत नाही. ते का, हे रसायनशास्त्राच्या बाईंना विचार आणि मला इथे कळव.

केळीबाग_फैजपूर

काका, तिनं वाचलं. सकाळी शाळेत जायच्या आधी दुकानात आली आणि थप्पी मोजून गेली. १४० गोण्या. वहीत ६३० किलो लिहिलंय.

बुकिंग काल केलं, स्ट्राँग हायब्रिड, पांढरी. सहा आठवडे सांगितलेत. डिझेलची गाडी भंगारात द्यायची की पुढं कुणाला विकायची, यावर घरात अजून बोलणं चालू आहे. विकली तर तो धूर दुसऱ्याच्या ओट्यावर जाणार, असं आण्णांचं म्हणणं आहे. शहाद्याच्या ताई, त्या जाळीला ब्रश कोरडाच मारायचा ना, की ओल्या फडक्यानं पुसलेलं चालतं?

सातपुडा_बाई_शहादा

कोरडाच. आणि गाडी बंद करून. पिंजण ओलं झालं की चिकटून बसतं.